हरण्या रोग : केळीत शिरलेल्या विषाणूला औषध का नाही?

पावसाळ्यात आभाळ आठ-आठ दिवस झाकलेले राहिले की रावेर, यावल, चोपड्याचे आणि धुळे जिल्ह्यात शिरपूरचे केळीवाले कोवळ्या बागेत पान न् पान तपासू लागतात. पानावर पिवळे पट्टे दिसले, पान आखडले, पोंगा सडू लागला, की समजायचे, हरण्या आला. असे झाड घड देईलच याचा भरवसा नाही. ज्या घरात मुलीचे लग्न आणि मुलाची फी या बागेवर ठरलेली असते, तिथे पहिला सवाल एकच असतो: कोणते औषध मारू?

विषाणूवर औषध नाही. फवारणीवाला काहीही सांगो. कारण समजायला विषाणूच्या आत डोकवावे लागते.

याचे नाव कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही. १९१६ मध्ये अमेरिकेत काकडीवर त्याची नोंद झाली. आज बाराशेहून जास्त जातींच्या वनस्पतींत तो सापडतो. त्याच्याकडे डीएनए नाही. सारा कारभार आरएनएच्या तीन धाग्यांवर लिहिलेला. तिसऱ्या धाग्यावर दोन जनुके आहेत. पुढचे जनुक विषाणूला एका पेशीतून दुसरीत नेणारे प्रथिन बनवते, मागचे त्याचे कवच.

इथे अडचण येते. वनस्पतीच्या पेशीतले प्रथिने बनवणारे यंत्र, रायबोसोम, साधारणपणे धाग्यावरचा पहिलाच मजकूर वाचते आणि थांबते. मग मागे लिहिलेले कवच बनणार कसे? आणि कवचाशिवाय मावा हा विषाणू पुढच्या झाडावर नेऊ शकत नाही.

विषाणूची तोड अशी. पेशीत शिरल्यावर त्याचे एन्झाइम आधी धाग्याची उलटी प्रत काढते. या उलट्या प्रतीत, कवचाच्या जनुकाच्या अलीकडे, अक्षरांची एक छोटी खूण असते. हिलाच प्रमोटर म्हणतात. भुसावळहून सुटणाऱ्या गाडीत कोणी मधल्या स्टेशनावर चढावे, तसे एन्झाइम या खुणेवर मध्येच बसते आणि तिथून पुढचाच छोटा आरएनए तयार करते. आता कवचाचा मजकूर सर्वात पुढे आला. रायबोसोम तो बिनदिक्कत वाचतो. ब्रोम मोझॅक या सीएमव्हीच्या भाऊबंद विषाणूत हे १९८५ मध्ये प्रयोगाने दिसले. २००० च्या सुमारास सीएमव्हीवरही काम झाले: खुणेजवळ आरएनए दुमडून जो फासा बनतो, तो बिघडवला की एन्झाइम नीट सुरू होत नाही. दुसऱ्या धाग्यावरूनही असाच एक छोटा आरएनए निघतो. त्यातून येणारे प्रथिन झाडाची स्वतःची संरक्षण यंत्रणाच बोथट करते. (कोरोनाचा विषाणूही छोटे आरएनए बनवतो, पण त्याची रीत वेगळी आहे.)

हे सगळे झाडाच्या पेशीत, झाडाच्याच सामानावर चालते. बुरशीनाशकाचा तिथे काही संबंध नाही. कीटकनाशकाने मावा मरतो, पण तोही अनेकदा उशिरा, कारण मावा रोगट पानात काही सेकंद सोंड खुपसतो आणि लगेच दुसऱ्या झाडात विषाणू सोडतो.

म्हणून रोगट झाड दिसताच उपटून खोल गाडणे, हाच खरा उपाय. हात जड होतो, हे खरे. पण ते एक झाड ठेवले तर शेजारच्या दहांची वाट लागते. सुरुवातीच्या महिन्यांत चार-पाच दिवसांनी बाग फिरावी, तण काढावे. केळीत काकडी, मिरची, टोमॅटो, वांगी लावण्याचा मोह टाळावा; चार पैसे सुटतात, पण विषाणूला घर मिळते. जवळ कपाशी असेल तर तिच्यावरच्या माव्यावरही नजर हवी.

रोपे घेतानाही विचारावे. टिश्यू कल्चरची रोपे म्हणजे आपोआप निरोगी, असे नाही. मातृझाडात विषाणू असेल तर तो हजारो रोपांत जातो. प्रयोगशाळेत पीसीआर चाचणी बहुधा याच कवचाच्या जनुकाचा शोध घेते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन योजना आहे, तिचा दाखला मागण्यात लाज कसली?

भगिनींच्या मनात आणखी एक शंका असते. इफ्तारच्या ताटात अशा बागेतली केळी ठेवली तर? हा विषाणू वनस्पतींचा आहे, माणसाला तो होत नाही. सूरह वाकिआत जन्नतच्या वर्णनात आलेल्या 'तल्ह'चा अर्थ अनेक मुफस्सिरांनी केळी असाच केला आहे. तेव्हा फळ बिनघोर खा. पण बागेतले रोगट मुनवे मात्र कुणाला लावायला देऊ नका.