अंगणाखालची सेप्टिक टँक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भिलाईच्या नेहरू नगरात, पूर्वेला असो की पश्चिमेला, आई-वडिलांनी बांधलेली घरे आता मुलांच्या हाती येत आहेत. घर ताब्यात घेताना आपण वायरिंग पाहतो, गच्चीची गळती पाहतो, नळ बदलतो. अंगणातल्या फरशीखालची सेप्टिक टँक मात्र कोणी उघडून पाहत नाही. ती कुठे आहे, किती मोठी आहे, शेवटची कधी उपसली, हेही अनेकदा घरात कोणाला सांगता येत नाही.

विषारी वायू काय करतो, हे भिलाईकरांना वेगळे सांगायला नको. 12 जून 2014 रोजी इस्पात संयंत्रातल्या वायुगळतीत सहा जणांचा जीव गेला. प्लांटमध्ये बंद जागेत उतरायचे तर आधी वायूची तपासणी, लेखी परवानगी आणि बाहेर पहाऱ्याला माणूस लागतो. घरच्या टाकीत उतरणाऱ्या मजुराचा जीव तितकाच मोलाचा आहे. म्हणून हे गैरसमज दूर व्हायलाच हवेत.

गैरसमज: इतकी वर्षे टाकी तुंबली नाही, म्हणजे ती ठीक आहे.

वस्तुस्थिती: टाकीत जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते. तळाचा गाळ जिवाणूंमुळे कमी होतो, पण संपत नाही. तो वाढत गेला की पाण्याला टाकीत थांबायला जागा उरत नाही आणि मैला पाण्याबरोबर वाहून जातो. त्याने शोषखड्ड्याभोवतीच्या जमिनीची छिद्रे बुजतात. शौचालय तुंबेपर्यंत हे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून साधारण दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा. काही टाक्या तुंबत नाहीत, कारण त्यांना तळच नसतो किंवा भिंतींना तडे गेलेले असतात. त्यांतला मैला थेट भूजलात मुरतो. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर शोषखड्ड्यापासून किमान 18 मीटर दूर असावी, असे भारतीय मानक सांगते.

गैरसमज: अ‍ॅसिड किंवा यीस्ट टाकले की उपसावे लागत नाही.

वस्तुस्थिती: मैला कुजवणारे जिवाणू मैल्यातूनच टाकीत येतात, ते विकत आणावे लागत नाहीत. कोणत्याही पुडीने वाळू, माती आणि न कुजणारा गाळ नाहीसा होत नाही. अ‍ॅसिड आणि फिनाइल भरपूर ओतले तर उपयोगी जिवाणूच मरतात. शिवाय गाळातल्या सल्फाइडवर अ‍ॅसिड पडले की हायड्रोजन सल्फाइड हा जीवघेणा वायू सुटतो.

गैरसमज: झाकण तासभर उघडे ठेवले आणि वास गेला, की उतरायला हरकत नाही.

वस्तुस्थिती: हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचून राहतो. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास गेला, तेव्हा धोका वाढलेला असू शकतो. बराचसा वायू गाळात अडकलेला असतो. गाळ ढवळला की तो एकदम बाहेर पडतो. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही. काडी किंवा मेणबत्ती पेटवून तर कधीच पाहू नये, कारण टाकीत मिथेनही असतो आणि त्याचा स्फोट होतो.

गैरसमज: एखादा बेशुद्ध पडलाच, तर दुसरा उतरून त्याला वर काढेल.

वस्तुस्थिती: अशा घटनांत एकामागून एक बळी जातात ते यामुळेच. पहिल्याला वाचवायला भाऊ उतरतो, मग शेजारी, कधी घरमालक स्वतः. श्वसनयंत्राशिवाय आत जाणारा प्रत्येक जण त्याच वायूत श्वास घेतो. लोकांना झाकणापासून दूर करा आणि ताबडतोब 112 वर फोन करून अग्निशमन दल व रुग्णवाहिका मागवा.

गैरसमज: घर खासगी आहे आणि काम ठेकेदाराला दिले आहे, आपला संबंध नाही.

वस्तुस्थिती: सुरक्षासाधनांशिवाय टाकीत माणूस उतरवण्यास 2013 च्या कायद्याने मनाई आहे. ही मनाई कोणत्याही व्यक्तीला लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. डिसेंबर 2019 मध्ये मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीची टाकी साफ करताना तीन कामगार गेले. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या पत्नींना प्रत्येकी 10 लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला आणि ही रक्कम जबाबदार व्यक्तींकडून वसूल करण्याची मुभा ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूंची भरपाई 30 लाखांवर नेली.

गैरसमज: सक्शनची गाडी येऊन गेली की आपले काम संपले.

वस्तुस्थिती: गाडीच मागवावी, पण मैला कुठे रिकामा करणार, हे विचारूनच. नाल्यात ओतलेला मैला शेवटी नदीला मिळतो, आणि दुर्ग-भिलाईची तहान शिवनाथ नदी भागवते. महापालिकेची किंवा तिच्याकडे नोंदवलेली गाडी बोलवा आणि पावती घ्या. केंद्र सरकारने 2020 मध्ये या कामासाठी 14420 हा मदत क्रमांकही सुरू केला आहे.

गैरसमज: टाकी वापरात नाही, वरून फरशी घातली की झाले.

वस्तुस्थिती: बंद टाकीतला वायू झाकणाच्या खालच्या ओल्या काँक्रीटवर आम्लात बदलतो. त्याने काँक्रीट ठिसूळ होते आणि सळ्या गंजतात. वरून धडधाकट दिसणारा स्लॅब एखाद्या दिवशी पायाखाली किंवा गाडीखाली खचतो. वापर थांबला असेल तर गाडीने टाकी पूर्ण उपसून घ्या. घराकडून येणारा पाइप बंद करा. स्लॅब काढून बाहेरूनच, यंत्राने तळाला भोके पाडून घ्या, म्हणजे आत पावसाचे पाणी साचणार नाही. मग मुरूम किंवा वाळूचे थर टाकून, ठोकून टाकी गच्च भरा. तिची जागा घराच्या नकाशावर नोंदवा. पुढे खोदकाम करणाऱ्याला ती माहीत असलीच पाहिजे.

वापरातल्या टाकीसाठी तीन गोष्टी आजच करता येतात. झाकण कुठे आहे ते शोधून फरशीवर खूण करा, व्हेंट पाइपच्या तोंडाला डासांसाठी जाळी बसवा आणि शेवटच्या उपशाची तारीख लिहून ठेवा. आणि पैसे वाचतील म्हणून कोणी बादली-दोर घेऊन उतरायला तयार झाला, तर त्याला ठाम नकार द्या. त्याला गरज आहे म्हणून तो हो म्हणतो. नाही म्हणण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.