बँकेने कर्ज दिलं म्हणजे घर तपासलं असं नाही!



या आठवड्याच्या व्हिडिओत मी घर घेताना केलेल्या माझ्या एका चुकीबद्दल बोलले. तिथे घाईत सांगितलं, इथे नीट लिहून देते.

पुढे दुकान, मागे घर, हे आपल्यापैकी कितीतरी जणांचं स्वप्न असतं. भाडं वाचतं, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. सहा वर्षांपूर्वी मी असंच एक जुनं बैठं घर घेतलं. बँकेचा व्हॅल्युअर आला, टेप लावली, चार फोटो काढले, वीस मिनिटांत गेला. कर्ज मंजूर! मी म्हटलं, बँकेने बघितलंय ना, मग आपण कशाला डोकं लावायचं?

वर्षभराने शेजारच्या काकांनी सरकारी मोजणी आणली. माझ्या दुकानाचा ओटा आणि पायरी अडीच फूट त्यांच्या जागेत निघाली. काका म्हणाले, "ताई, भांडण नको, पण जागा माझी आहे." माणूस चांगला, म्हणून कोर्टकचेरी टळली. तरी ओटा तोडणं, शटर मागे घेणं, सगळं धरून १ लाख ८० हजार गेले. ते पैसे दिवाळीच्या मालाचे होते. त्या दिवाळीत माझे निम्मे रॅक रिकामे होते.

तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते. आपला प्रश्न कोणता, ते आधी ठरवायचं.

१. बँकेचं मूल्यांकन
प्रश्न: हप्ते थकले तर हे घर विकून बँकेचे पैसे वसूल होतील का? फी आपण भरतो, पण रिपोर्ट बँकेसाठी असतो. त्यावर विसंबून घर घेऊ नका.

२. टायटल सर्च
प्रश्न: विकणारा खरंच मालक आहे का? वकील साधारण मागच्या ३० वर्षांची नोंदणी तपासतो. जुनं कर्ज, बोजा, सही न केलेले वारस यातून समोर येतात. पण वकील कागद बघतो. भिंत कुठे उभी आहे, ते कागदावरून कळत नाही. माझं घोडं इथेच अडलं.

३. सरकारी मोजणी
प्रश्न: माझी हद्द नेमकी कुठपर्यंत? ही मोजणी भूमी अभिलेख खातं करतं. हद्द बघायची तर 'हद्द कायम मोजणी' मागायची. अर्ज जागेच्या मालकाने करायचा असतो, म्हणजे विकणाऱ्याला करायला लावा. लगतच्या जागामालकांना नोटीस जाते, जागेवर खुणा दाखवतात आणि नंतर नकाशा मिळतो. त्याला 'क प्रत' म्हणतात. ती हातात घेऊन स्वतः कुंपणाभोवती एक चक्कर मारा.

४. स्ट्रक्चरल ऑडिट
प्रश्न: इमारत किती धडधाकट आहे? गिलाव्याला नवा रंग दिला की आतला गंजलेला गज दिसत नाही. इंजिनिअर हातोड्यासारख्या यंत्राने आणि ध्वनिलहरींनी काँक्रीट तपासतो. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. म्हणून जुना फ्लॅट घेताना सोसायटीकडे शेवटचा रिपोर्ट मागा. टाळाटाळ झाली तर सावध व्हा. मोठी दुरुस्ती निघाली तर तिचा वाटा उद्या तुमच्याच खिशातून जाणार आहे.

मग कोणी काय करायचं?

- नवीन बिल्डिंगमधला फ्लॅट: महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाची माहिती, टायटल सर्च, भोगवटा प्रमाणपत्र आणि स्वतः टेप लावून कार्पेट एरिया.
- जुन्या सोसायटीतला फ्लॅट: टायटल सर्च, ऑडिट रिपोर्ट, सोसायटीची थकबाकी.
- बैठं घर किंवा प्लॉट: टायटल सर्च आणि मोजणी, दोन्ही. बांधकाम जुनं असेल तर इंजिनिअरसुद्धा.
- घरातून धंदा करायचा असेल तर: तिथे दुकानाला परवानगी आहे का, हे पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आणि फ्लॅट असेल तर सोसायटीतही विचारा.

विसार देण्याआधी हे लिहून घ्या

"टायटल किंवा मोजणीत दोष निघाला तर विसाराची पूर्ण रक्कम परत मिळेल," ही अट विसार पावतीत टाका. मसुदा वकिलाकडून करून घ्या. तोंडी "बघू की नंतर" चालणार नाही. आणि मोजणीला वेळ लागतो, त्यामुळे खरेदीखताची तारीख त्या हिशोबाने ठरवा. विकणारा खूपच घाई करत असेल, तर का, हे विचारायला लाजू नका.

वकील, मोजणी, इंजिनिअर यांचा खर्च बघून हात आखडतो, मान्य आहे. माझाही आखडला होता. मोजणीचे काही हजार वाचवले आणि १ लाख ८० हजार घालवले. दुकानात माल आला की आपण पेटी फोडून नग मोजतो आणि मगच बिलावर सही करतो. मग आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी न मोजता का करायची?

आजचं काम: तुम्ही बघत असलेल्या घराबद्दल वहीत वरचे चार प्रश्न लिहा. ज्याच्यापुढे उत्तर नाही, ती तपासणी आधी करा. विसार त्यानंतर.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!