आतल्या खोलीतल्या ओव्या

आजीच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणं आतल्या खोलीतल्या जुन्या संगणकात होती. आईला त्या बाहेर बसून लॅपटॉपवर ऐकायच्या होत्या. दर वेळी पेनड्राइव्ह घेऊन ये-जा करायची, आणि मग कुठली प्रत खरी, याचा घोळ. तो थांबवायचा म्हणून एका रविवारी दोन्ही संगणक जोडायला बसलो.

जुन्यावर लिनक्स, लॅपटॉपवर विंडोज. या दोघांमधला दुभाषा म्हणजे ‘सांबा’. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. विंडोजच्या फायली वाटून घेण्याच्या पद्धतीचं नाव ‘एसएमबी’; एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमानं येणारा शब्द शोधताना त्यांना हे नाव सापडलं. इतकी वर्षं हे काम सगळ्यांना मोफत मिळत आलं आहे, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये चार ओळी लिहिल्या: फोल्डरचं नाव, त्याचा पत्ता, कोणाला प्रवेश, आणि ‘फक्त वाचता येईल’. लॅपटॉपच्या नेटवर्कच्या खिडकीत मात्र काहीच दिसेना. तिथे न दिसणं म्हणजे वाट बंद असणं नव्हे, म्हणून दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन थेट जुन्या संगणकाचा १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता टाकला. तरी नाही. तो संगणक सापडतो का हे बघायला पिंग केलं, उत्तर नाही. लॅपटॉप राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर होता, आणि ते घरातल्या बाकीच्या यंत्रांपासून वेगळं ठेवलेलं असतं. वायफाय बदललं, पिंग परतला.

आता पासवर्ड मागितला, आणि माझा नेहमीचा चालेना. इथेच बरेच जण अडकतात. सांबा स्वतःची पासवर्डची यादी वेगळी ठेवतो. लिनक्समध्ये नाव असलं तरी त्या यादीत ते पुन्हा नोंदवावं लागतं. वैतागून ‘पासवर्डच काढून टाका’, ‘जुनी एसएमबी-१ पद्धत चालू करा’ असले सल्ले ऐकू नयेत, असं माझं ठाम मत आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो त्याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून. घरातल्या फायलींना कुलूप हवंच.

वीज जाऊन आली की राउटर कधी कधी संगणकाला नवा पत्ता देतो, म्हणून राउटरमध्ये जुन्या संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवला. जोडणीचा वेग १०० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला फार तर बारा मेगाबाइट. ओव्यांना तेवढा पुष्कळ झाला.

फोल्डर उघडला. प्रत काढून ठेवलेली एक फाइल लॅपटॉपवरून मुद्दाम पुसून पाहिली. परवानगी नाही, असं उत्तर आलं आणि मला हायसं वाटलं. मग आईला हाक मारली. तिनं पहिलीच ओवी लावली. आजीच्या आवाजामागे जात्याची घरघर होती, आणि आई म्हणाली, “आवाज वाढव जरा.”