पाठीशीं बांधलेलें मूल : एका उल्लेखाचा विचार

वरसईकर विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथांत राणी लक्ष्मीबाईंनीं झांशीचा किल्ला सोडल्याचा प्रसंग आला आहे. राणीसाहेबांनीं आपल्या बारा वर्षांच्या दत्तक पुत्रास धोतरानें पाठीशीं बांधलें व त्या घोड्यावर बसून बाहेर पडल्या, असें तेथील कथनाचें तात्पर्य आहे. हा प्रसंग चित्रकारांनीं व मूर्तिकारांनीं इतका लोकप्रिय केला कीं, राणीची मूर्ति म्हटली म्हणजे पाठीवरचें मूल हें तिचें एक लक्षणच होऊन बसलें. परंतु मूल पाठीशीं बांधणें ही कृति स्वतः काय आहे, आपल्या देशांत ती कोण करीत असे, आणि तिचा मुलास व मातेस काय उपयोग होतो, याचा विचार इतिहासाभ्यासकांनीं केलेला फारसा आढळत नाहीं. लढाईच्या तोफा मोजणाऱ्यांना धोतर मोजण्यास सवड नसावी.

प्रथम वयाचा प्रश्न. गंगाधरराव बाबासाहेब 21 नोव्हेंबर 1853 रोजीं वारले. त्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं आनंदराव यास दत्तक घेऊन त्याचें नांव दामोदर ठेविलें. त्या वेळीं मुलगा सुमारें पांच वर्षांचा होता. तेव्हां एप्रिल 1858 मध्यें त्याचें वय नऊच्या आसपास येतें. गोडसे यांचें बारा वर्षें हें मान अधिक, व चित्रांतील वर्षा-दोन वर्षांचें तान्हें हें फारच उणें. गोडसे यांनीं प्रवासानंतर कित्येक वर्षांनीं आठवणीनें लिहिलें. पुढें 1907 मध्यें चिंतामण विनायक वैद्य यांनीं तें प्रसिद्ध केलें तें स्वतः संस्कार करून, आणि मूळ हस्तलिखिताचा पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनानें बाहेर येण्यास 1966 साल उजाडलें. शिवाय त्या धामधुमींत गोडसे शहरांत जीव मुठींत धरून होते, हें त्यांच्याच कथनावरून दिसतें. अशा कथनांत परक्याच्या मुलाचें वय चुकणें अगदीं स्वाभाविक आहे. धोतराची गोष्ट निराळी. भिक्षुकी करणाऱ्या ब्राह्मणास वस्त्र कोणतें होतें हें ध्यानांत राहतें, आणि शौर्य वाढवून सांगावयाचें असतें तर त्यानें शेला वा जरीपटका घातला असता. माझ्या मतें त्या वाक्यांतील विश्वासार्ह भाग वय नसून वस्त्र हाच आहे.

मग नऊ वर्षांचें मूल बांधावें कां? असा मुलगा मागें बसून कमरेस मिठी मारूं शकतो. परंतु रात्रीचा प्रवास, मजलेवर मजल, आणि मुलाला झोंप येणार हें निश्चित. झोंपेंत मिठी सुटते. बांधलेलें मूल स्वाराच्या पाठीस चिकटून राहतें, त्याचें ओझें झोके घेत नाहीं व स्वाराचे दोन्ही हात लगामास व शस्त्रास मोकळे राहतात. म्हणजे हें बंधन मुलाच्या अशक्तपणासाठीं नव्हे, त्याच्या झोंपेसाठीं होतें. तान्हें मूल काढणाऱ्या चित्रकारांनीं कृतीचें हें कारणच पुसून टाकलें आहे.

आतां आपल्याकडील नित्याची रीत पाहूं. महाराष्ट्रांतील गृहस्थाच्या घरीं मूल पाठीवर नव्हे, कडेवर वाढलें. जनाबाईच्या नांवावरील विठोबाच्या लेकुरवाळेपणाचा अभंग सर्वांस पाठ आहे. त्यांत संतमंडळीची वांटणी केलेली आहे ती लक्षपूर्वक पाहावी. कोणी खांद्यावर, कोणी मांडीवर, कोणी कडेवर, कोणी हात वा करंगळी धरून चालणारा. पाठीवर मात्र कोणीच नाहीं. मूल वाहण्याच्या त्या काळच्या रीतींची इतकी नेटकी यादी दुसरीकडे मिळणें कठीण. लेण्यांतील पुरावाही याच बाजूस झुकतो. अजिंठ्याच्या 2 ऱ्या लेण्यांतील हारीतीच्या मांडीवर मूल आहे. वेरूळच्या 14 व्या लेण्यांतील सप्तमातृकांजवळ लेकरें आहेत, तींही मातेच्या पुढील अंगास.

पाठीवरची झोळी ही वाटेच्या व कामाच्या बाईची. लमाण तांड्यांतील किंवा शेतांत राबणाऱ्या बायका मूल वस्त्रांत घेऊन चालत, व कामाच्या जागीं तीच झोळी झाडाच्या फांदीस टांगून तिचा पाळणा करीत. जुनें मऊ लुगडें याला उत्तम. नवें कापड काचतें. हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं, आमच्या आजोळच्या घरीं भात लावणीस येणाऱ्या बायकांकडून कळलें. रायगडच्या हिरकणीची कथा दंतकथा म्हणूनच घ्यावयाची. पण तींतील सारा अनर्थ मूल घरीं ठेवून दूध घालावयास गड चढल्यानें ओढवतो, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मूल झोळींत असतें तर बुरुजास नांव मिळालें नसतें.

या रीतीचा मुलास काय लाभ होतो, याचा शोध गेल्या चार-पांच दशकांत दवाखान्यांतून झाला आहे. 1986 मध्यें माँट्रियल येथील हुंझिकर व बार यांनीं 99 माता व त्यांचीं तान्हीं मुलें घेऊन प्रयोग केला. ज्या मातांनीं मुलांना, तीं रडत नसतांही, रोज अधिक वेळ अंगावर वागविलें, त्यांचीं मुलें सहा आठवड्यांच्या वयांत इतरांपेक्षां 43 टक्के कमी रडलीं. याच बार यांनीं पुढें 1991 मध्यें पोटशुळानें फार रडणाऱ्या मुलांवर तोच उपाय करून पाहिला, तेव्हां गुण आला नाहीं. ही दुसरी बाजू सांगणारे थोडे, म्हणून मुद्दाम नमूद करतों. न्यूयॉर्कच्या अॅनिसफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1990 मध्यें कांहीं गरीब मातांना मऊ झोळ्या व कांहींना मूल बसविण्याचीं आसनें दिलीं. मुलें तेरा महिन्यांचीं झालीं तेव्हां झोळीवाल्यांपैकीं 83 टक्के मुलांचा मातेवर निश्चिंत विश्वास बसलेला आढळला, आसनवाल्यांत तें प्रमाण 38 टक्के होतें. जपानांतील कुरोदा यांच्या मंडळीनें 2013 मध्यें दाखविलें कीं, माता मूल घेऊन चालूं लागतांच त्याची हालचाल थांबते, रडणें कमी होतें व हृदयाचे ठोके मंदावतात. नुसतें घेऊन बसल्यानें तितका परिणाम होत नाहीं. मूल घेऊन येरझारा घालणाऱ्या आजीला हें सांगितलें तर ती हंसेल.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांबाबत तर हा जिवाचाच प्रश्न आहे. कोलंबियांतील बोगोटा शहरीं 1978 च्या सुमारास डॉ. एडगार रे यांनीं जागा व उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्यामुळें अशीं मुलें मातेच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्यास आरंभ केला. 2021 मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेंत, जींत दिल्लीचें एक रुग्णालयही होतें, जन्मतांच असें ठेवलेल्या मुलांत 28 दिवसांच्या आंतील मृत्यु शेंकडा 12, व प्रकृति स्थिर झाल्यावर ठेवलेल्यांत शेंकडा 15.7 आढळले. पेट्यांच्या टंचाईंतून निघालेली ही रीत आतां जागतिक आरोग्य संघटना स्वतः सांगते.

कडेवर घेण्याचा एक लाभ हाडांचा आहे. कडेवरच्या मुलाच्या मांड्या फांकलेल्या व गुडघे वर राहतात, त्यामुळें खुब्याचा सांधा खोबणींत नीट बसतो. उलट पाय सरळ करून घट्ट गुंडाळल्यास तो निखळण्याचें भय असतें. जपानांत 1975 नंतर ही गुंडाळण्याची चाल सोडण्याचा उपदेश झाल्यावर असे विकार पुष्कळ कमी झाले. झोळी वापरणारानें मात्र मुलाचें तोंड उघडें व दिसेल असें ठेवावें आणि हनुवटी छातीस टेकूं देऊं नये; तान्ह्याचा श्वास कोंडून मृत्यु झाल्याचीं उदाहरणें आहेत.

शिवाय कडेवरचें मूल एकट्या आईचें नसतें. तें आत्याच्या, आजीच्या, मोठ्या बहिणीच्या कडेवर फिरतें, आणि प्रत्येकीचें अंग ओळखूं लागतें. दामोदरराव राणीच्या पोटचा नव्हता. पांच वर्षांचा होऊन तो तिच्याकडे आला, तेव्हां त्याचें कडेवरचें वय सरत आलें होतें. मुलास जें अंगाचें सान्निध्य तान्हेपणीं मिळतें तें या दोघांत मागाहून, आणि तेंही एका धोतराच्या आधारानें आलें, असें म्हटल्यास ती केवळ कल्पना नव्हे.

ज्यांच्या संग्रहीं जुन्या घराण्यांचे जमाखर्च, बाळंतविड्याच्या याद्या किंवा प्रवासाच्या सामानाच्या टिपा आहेत, त्यांनीं त्यांत झोळी, बाळोतें, मूल घेण्यासाठीं ठेवलेली कुणबीण वा दाई, तिचा मुशाहिरा व तिला दिलेलें लुगडें, अशा कलमांवर एकदां नजर टाकावी. दफ्तर लावतांना आम्हीं हीं कलमें ‘किरकोळ’ म्हणून बाजूस ठेवीत आलों, आणि मींही त्यास अपवाद नाहीं.