दूरदृश्य सभांतील सामूहिक व्यत्यय

आंतरजालावरून भरणाऱ्या दूरदृश्य सभेत वा वर्गात निमंत्रण नसलेल्या व्यक्तींनी संगनमताने शिरून आरडाओरड, शिवीगाळ वा बीभत्स चित्रे यांच्या योगे तिचे कामकाज बंद पाडणे. ‘झूम’ या अमेरिकन कंपनीच्या सेवेवरून यास ‘झूमबॉम्बिंग’ हे नाव पडले. तथापि अन्य सेवांवरील सभांतही असे प्रकार घडतात.

कोविड-१९ च्या साथीत शाळा, प्रार्थना, शोकसभा इ. व्यवहार संगणकाच्या पडद्यावर आले. झूमच्या सभांत दररोज भाग घेणाऱ्यांची संख्या डिसेंबर २०१९ मध्ये सु. १ कोटी होती. मार्च २०२० मध्ये ती २० कोटींवर गेली. त्याच महिन्यात अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात एका शाळेच्या वर्गात शिरलेल्या अनोळखी इसमाने अपशब्द उच्चारून शिक्षकाच्या घरचा पत्ता ओरडून सांगितला. एफबीआय या अन्वेषण संस्थेने ३० मार्च २०२० रोजी याबाबत जाहीर इशारा दिला.

हे कृत्य संगणकतज्ज्ञ घुसखोरांचे असावे, असा सर्वसाधारण समज होता. बिंगमटन व बॉस्टन या विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० च्या पहिल्या सात महिन्यांतील, फोरचॅन हे निनावी चर्चास्थळ व ट्विटर (२०२३ पासून ‘एक्स’) यांवरील आवाहने तपासली, तेव्हा निराळे चित्र दिसले. फोरचॅनवरील सु. ७० टक्के व ट्विटरवरील सु. ८२ टक्के आवाहने सभेत रीतसर प्रवेश असलेल्यांनीच केलेली दिसली. पुष्कळदा वर्गातील विद्यार्थीच दुवा व परवलीचा शब्द बाहेरच्यांना देत होते. म्हणजे कुलूप फोडले गेले नव्हते. किल्ली आतूनच दिली गेली होती.

बाहेरचे लोक या हाकेला ओ का देतात, हा मानसशास्त्रीय प्रश्न होय. जॉन सूलर यांनी २००४ मध्ये असे दाखविले, की निनावीपणा व प्रत्यक्ष भेटीचा अभाव यांमुळे आंतरजालावर माणसाचा संकोच सैल होतो. परंतु एवढ्याने सामूहिक कृतीचा पूर्ण उलगडा होत नाही. रायकर, स्पीअर्स व पोस्टमस यांच्या १९९५ मधील उपपत्तीनुसार निनावी व्यक्ती निर्बंधमुक्त होत नाही, तर व्यक्तित्व मागे सारून समूहाचे संकेत अधिक काटेकोरपणे पाळते. ज्या समूहात दुसऱ्याची फजिती हाच विनोद मानला जातो, तेथे व्यत्यय आणणाऱ्यास शाबासकी मिळते. शिक्षकाशी त्याचे वैर नसते. त्याची नजर आपल्या मंडळींकडे असते. २००६ मध्ये फोरचॅनच्या सदस्यांनी ‘हॅबो हॉटेल’ या आभासी खेळात जमावाने वाट अडवली, तेव्हाही हीच वृत्ती दिसली होती. आत बोलावणाऱ्या विद्यार्थ्याचा हेतू मात्र कंटाळा, परीक्षा टाळणे वा शिक्षकावरील राग असा असू शकतो. काही वेळा द्वेषप्रचार हाही हेतू असतो : बर्लिनमधील इझ्राएली वकिलातीने एप्रिल २०२० मध्ये भरविलेल्या ज्यू-संहार स्मृतिसभेत हिटलरची चित्रे दाखविण्यात आली.

झूमने एप्रिल २०२० मध्ये अनेक खात्यांना परवलीचा शब्द व प्रतीक्षाकक्ष यांची व्यवस्था आपोआप लागू केली. परंतु परवलीचा शब्दच आतून फुटला वा आगंतुकाने वर्गातील विद्यार्थ्याचे नाव धारण केले, तर हे उपाय निष्प्रभ ठरतात. म्हणून प्रत्येक सहभागी व्यक्तीस स्वतंत्र दुवा देण्याची पद्धत अधिक परिणामकारक समजली जाते. दुवा कोणी फोडला, हे तीत कळू शकते. तथापि तांत्रिक बंदोबस्ताने दार राखता येते, दार उघडून देणाऱ्याचे मन नव्हे. त्यासाठी वर्गातील परस्परविश्वास व पीडितास तत्काळ मिळणारा आधार यांचीच गरज असते.