पुश केलं की पोस्ट! पण नक्की काय पोस्ट होतंय?

बदलापूरहून बोलतोय. अंबरनाथच्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवलीय: "दादा, मी लोकलमध्ये बसून कोडिंग शिकतो. गिटहबवर पुश केलं की माझ्या टेलिग्राम चॅनेलवर आपोआप पोस्ट पडेल असं करता येईल का? इंटरव्ह्यूला दाखवता येईल."

येईल की. तुम्ही पुश केलं की गिटहब ती खबर पुढे देऊ शकतं, त्याला वेबहूक म्हणतात. कोणी पुश केलं, कुठल्या ब्रांचवर, कमिटचा मेसेज काय, ही सगळी माहिती तुम्ही दिलेल्या पत्त्यावर जाते. डिस्कॉर्डला ती थेट कळते. टेलिग्रामला मात्र मध्ये दुभाषा लागतो, आणि ते काम गिटहब ॲक्शन्स करतं. बॉटफादरकडून बॉट बनवून घ्या, त्याला चॅनेलचा ॲडमिन करा आणि मिळालेला टोकन रिपॉझिटरीच्या सीक्रेट्समध्ये ठेवा. कोडमध्ये नाही!

हे ओरडून सांगतोय, कारण मी तो कोडमध्येच लिहिला होता. लक्षात आल्यावर ओळ डिलीट केली आणि निवांत झोपलो. पण गिटच्या इतिहासात जुनं कमिट तसंच राहतं. ज्याला टोकन सापडेल, तो तुमच्या बॉटच्या नावाने काहीही पोस्ट करू शकतो. अशा वेळी बॉटफादरकडे जाऊन टोकन रद्द करायचा आणि नवा घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

त्याहून महागात पडला कमिटचा मेसेज. तेव्हा नोकरीला होतो. मेसेजमध्ये क्लायंटचं नाव होतं, बॉटने ते इमानेइतबारे चॅनेलवर टाकलं आणि सकाळी कल्याण यायच्या आत साहेबांचा फोन! बॉटला काय कळतंय कुठलं घरचं आणि कुठलं ऑफिसचं? म्हणून ऑफिसची रिपॉझिटरी याला जोडायचीच नाही.

अजून एक. प्रत्येक कमिटमध्ये तुमचा ईमेल आणि वेळ असते. रिपॉझिटरी पब्लिक असेल तर दोन्ही कोणालाही दिसतं. गिटहबच्या ईमेल सेटिंगमध्ये 'नोरिप्लाय' पत्ता मिळतो, तो गिटमध्ये टाका.

आता माझं मत. प्रत्येक पुशला पोस्ट नको. 'फिक्स', 'परत फिक्स', 'आता तरी चाल' असले मेसेज लोक कशाला वाचतील? गिटहबनेही सलग किती दिवस कमिट केलं ते मोजणारा आकडा २०१६ मध्ये प्रोफाइलवरून काढून टाकला. रात्री एकदाच, आज काय अडलं आणि कसं सुटलं, अशी दोन वाक्यं एका फाइलमध्ये लिहा आणि बॉटला तेवढीच पाठवू द्या. इंटरव्ह्यू घेणाराही तीच वाचेल.

ॲक्शन्सचं वेळापत्रक साधारणपणे यूटीसीमध्ये लिहितात, म्हणजे आपले रात्रीचे ९ तिथे १५:३०. गर्दी असली की ते उशिराही धावतं, आपल्या लोकलसारखंच.

कुठे अडलात तर एररचा स्क्रीनशॉट पाठवा. टोकन झाकून हां!