फुप्फुसीय उच्च रक्तदाबातील भाकीत आणि हृदयाची इको तपासणी : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमनीतील दाब वाढणे म्हणजे फुप्फुसीय उच्च रक्तदाब होय. विश्रांतीच्या अवस्थेत हा सरासरी दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरहून अधिक असल्यास विकार आहे असे मानतात. निश्चित निदानासाठी हृदयात नळी घालून दाब मोजावा लागतो. ही सोय मोजक्या रुग्णालयांतच असल्याने ग्रामीण भागात ध्वनिलहरींवर आधारित इको तपासणीस विशेष महत्त्व प्राप्त होते.

मापनाचे तत्त्व

उजवी जवनिका, म्हणजे हृदयाचा उजवीकडील खालचा कप्पा, आकुंचन पावताना त्रिदल झडपेतून थोडे रक्त मागे गळते. या गळतीच्या वेगाचा वर्ग करून त्यास ४ ने गुणिले असता वरच्या व खालच्या कप्प्यांतील दाबाचा फरक मिळतो. वेग सेकंदाला ४ मीटर असल्यास हा फरक ६४ मिलिमीटर येतो. त्यात उजव्या कर्णिकेतील अंदाजित दाब मिळविला की धमनीतील आकुंचनकालीन दाब कळतो.

भाकिताचे निकष

केवळ या आकड्यावरून रुग्णाचे भवितव्य ठरत नाही. जवनिका थकली की दाब निर्माण करण्याची तिची शक्तीच घटते. अहवालातील आकडा उतरतो आणि रुग्ण मात्र खालावत असतो. म्हणून आकुंचनाच्या वेळी त्रिदल झडपेचे कडे किती सरकते हे पाहतात. फॉर्फिया व सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासात हे सरकणे १.८ सेंटिमीटरहून कमी असलेल्यांपैकी सुमारे ५० टक्के, तर इतरांपैकी सुमारे ८८ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते.

२०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत या सरकण्यास (मिलिमीटरमध्ये) दाबाने भागून येणारे गुणोत्तर दिले आहे. ते ०.३२ हून अधिक असल्यास धोका कमी, ०.१९ हून कमी असल्यास जास्त. दोन रुग्णांचा दाब सारखाच ७० असून कड्याचे सरकणे एकाचे २४ व दुसऱ्याचे १२ असेल, तर गुणोत्तरे अनुक्रमे ०.३४ व ०.१७ येतात. दाब एकच, परंतु भाकीत भिन्न. उजव्या कर्णिकेचे क्षेत्रफळ २६ चौरस सेंटिमीटरहून अधिक असणे आणि हृदयावरणात पाणी साठणे हीदेखील गंभीर लक्षणे होत.

बीड जिल्ह्याचा संदर्भ

हे निकष प्रामुख्याने फुप्फुस धमनीच्याच विकाराच्या रुग्णांवरून ठरले आहेत. ग्रामीण भागात मात्र चुलीच्या धुराने जडणारे फुप्फुसविकार, क्षयाने राहिलेले व्रण आणि संधिवातज्वराने अरुंद झालेली द्विदल झडप ही कारणेही विचारात घ्यावी लागतात. तेथे निकष तारतम्यानेच लावावेत. झडपेचा दोष इकोतच दिसतो व त्यावर उपचार शक्य असतो, हा या तपासणीचा दुहेरी लाभ होय.

जिल्ह्यातील असंख्य ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास स्थलांतर करतात व कित्येक महिने परगावी राहतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेत निदान झालेल्या रुग्णाचा पाठपुरावा त्यामुळे खंडित होऊ शकतो. गर्भवतीस हा विकार असल्यास तर जिवावरचाच धोका संभवतो.

निष्कर्ष

इको अहवालात केवळ दाब न नोंदविता कड्याचे सरकणे, गुणोत्तर, कर्णिकेचे क्षेत्रफळ व हृदयावरणातील पाणी यांचीही नोंद व्हावी आणि तिची प्रत रुग्णाजवळ असावी. स्थलांतरापूर्वी व परतल्यावर अशी तपासणी झाल्यास कोणास कोयता हाती घेऊ द्यावा आणि कोणास तातडीने पुढील उपचारांसाठी पाठवावे, हे अधिक खात्रीने ठरविता येईल.